आजीची मशेरी, वडिलांची शुगर : एका प्रतिक्रियेला उत्तर

मालक, नमस्कार.

'दात किडला तर काढून टाकायचा, त्यात हार्ट आणि शुगर कशाला ओढता? दंतवैद्यांची दलाली बंद करा. आमच्या आजीनं जन्मभर मशेरी लावली, हिरडीतून रक्ताचा थेंब आला नाही,' असं तुम्ही दात-हिरड्यांचा हार्ट आणि शुगरशी काय संबंध, या माझ्या लेखावर लिहिलंय. जाता जाता, गोळ्या वाढवूनही वडिलांची शुगर उतरत नाही, हेही लिहिलंय. आता दलालीचं म्हणाल तर माझं औषधाचं दुकान आहे. लोकांच्या दाढा दुखत राहिल्या तरच माझा फायदा.

हार्टबद्दलचा तुमचा संशय निम्मा रास्त आहे. हिरड्यांचा जुना आजार असणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसतो, पण एकामुळेच दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ साली तसं स्पष्ट सांगितलंय. तंबाखू दोन्हीकडे नुकसान करते, त्यामुळे जोडी दिसणारच. सगळ्या रोगांचं खापर दातांवर फोडायचा प्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलाय. सांधेदुखीपासून वेडापर्यंत कशावरही धडधाकट दात उपटायचे. म्हणूनच 'ब्रश करा, अटॅक टाळा' असलं काही माझ्या लेखात नाही. हृदयाची झडप बदललेल्यांचं मात्र वेगळं. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात जातात आणि त्या झडपेवर ठाण मांडू शकतात. त्यांनी दंतवैद्याला आधी सांगायलाच हवं.

शुगरच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. शुगर चढी राहिली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो, आणि तो मुरला की अंगात सूज राहून इन्सुलिन नीट लागू पडत नाही. हिरड्यांखालची सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारा रक्ततपासणीतला आकडा, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरल्याचं चाचण्यांत दिसलंय. तेवढ्यानं गोळी सुटत नाही, हे खरं. पण गोळी वाढवायच्या आधी तोंड उघडून बघायला काय हरकत आहे?

आणि 'दात काढून टाकायचा' म्हणता, तर पुढचंही बघा. दुकानात एक यंत्रमागवाले काका येतात. खालच्या दाढा गेल्या, कवळी टोचते म्हणून खिशात. कडक भाकरी बंद, काकडी-गाजर बंद, शेंगाचटणीचे कण हिरडीला लागतात म्हणून तीही बंद. आता आमटीत कुस्करलेला मऊ भात, आणि मधल्या वेळी चहात बुडवलेली खारी नाहीतर बिस्किटं. मग माझ्याकडे येऊन विचारतात, 'गोड खात नाही, तरी शुगर का वाढली हो?' सोलापूरच्या माणसानं कडक भाकरी सोडली की मी तरी आधी दातांची चौकशी करतो.

आता आजी. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच सांगतो, रक्त न येणं हा मशेरीचा गुण नव्हे. निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आतून हाड झिजत असलं तरी रक्त फारसं दिसत नाही. ज्या खुणेवरून माणूस सावध व्हायचा, तीच पुसली जाते. विड्या वळणाऱ्या घरांत तंबाखू हाताशीच असते. तव्यावर भाजली की झाली मशेरी. बायका ती गालात धरून तासभर बसतात, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती आहेच. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली. घरच्या तव्याला कोण बंदी घालणार? तुमच्या आजी निभावल्या, चांगलं झालं. पण ज्या निभावल्या नाहीत, त्यांची नातवंडं अशा प्रतिक्रिया लिहीत नाहीत.

खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलला केसपेपर काढून वडिलांना दाखवा. जाताना शुगरचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी घ्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आवर्जून सांगा, आणि स्वतःच्या मनानं बंद करू नका. दात हलतात का, जेवताना एकाच बाजूनं चावतात का, हे आज रात्री ताटावरच बघा.