घरात एक तरी नवा ग्राहक हवा

वाण्याच्या दुकानात जुन्या गिऱ्हाइकाला मान असतो. महिनाअखेरीस उधारी चालते, सुट्टे नसले तर 'राहू द्या, पुढच्या वेळी' होतं, आणि गूळ बरा आला नसेल तर वाणी स्वतःच 'आज नका नेऊ' म्हणतो. इंटरनेट विकणाऱ्यांचं शास्त्र वेगळं. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी पायघड्या, आणि वर्षानुवर्षं मुकाट पैसे भरणाऱ्याला एक मेसेज: 'प्रिय ग्राहक, आपला प्लॅन उद्या संपत आहे.' प्रिय असण्याचे दर अर्थातच जास्त.

हे ज्ञान मला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये झालं. पार्किंगच्या नोटिशीवर अर्धवट चढवून कोणीतरी पत्रक चिकटवलं होतं. १०० एमबीपीएस, ४९९ रुपये महिना, राउटर फुकट, जोडणी फुकट, ओटीटी फुकट. कंपनी आमचीच. प्लॅनही आमचाच. आम्ही त्याचे ७९९ भरत होतो आणि ओटीटी म्हणून शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाज ऐकत होतो.

फोन लावला. मराठीसाठी दोन दाबलं, तरी पलीकडून हिंदीच आलं. मग दोघांनीही मध्यममार्ग काढला.

"सर, ती ऑफर फक्त नवीन ग्राहकांसाठी आहे."

"मग मला नवीन समजा."

"सर, तुम्ही तर आमच्या परिवाराचा भाग आहात."

परिवारातल्या माणसाला सूट कसली द्यायची, असा विचार असावा. मी म्हटलं, "मग मी कनेक्शन बंद करतो." हे वाक्य ऐकताच संगीत सुरू झालं आणि थोड्या वेळाने दुसऱ्या एक बाई आल्या. यांचा आवाज इतका मऊ की आपण कोणाचं तरी मन दुखावलंय असं वाटावं. यांच्याकडे माझ्यासाठी 'खास' ऑफर होती: पूर्ण वर्षाचे पैसे आत्ता भरले तर पहिले दोन महिने पन्नास-पन्नास रुपये कमी. शंभर रुपयांत मन जिंकण्याची ही जिद्द पाहून मलाच भरून आलं, पण मी ठाम राहिलो.

मोबाइलचं बरं असतं. २०११ च्या जानेवारीत देशभर पोर्टिंग सुरू झालं, तेव्हापासून १९०० ला मेसेज टाकायचा, कोड घ्यायचा आणि नंबर तोच ठेवून निघायचं. घरच्या इंटरनेटचं तसं नाही. इथे नंबर नसतो, भिंतीला भोक पाडून आत आलेली तार असते, आणि ती ज्या कंपनीची त्याच कंपनीची राहते. नवी कंपनी म्हणजे नवी तार आणि नवं भोक. आमच्या हॉलच्या खिडकीची चौकट आता बासरी म्हणून वाजवता येईल. सोडून गेलेल्यांच्या तारा कोणी काढून नेत नाही. त्या गच्चीवरून, गुलमोहरावरून, दिव्याच्या खांबावरून तशाच लोंबतात, आणि कुठली चालू, कुठली बंद हे फक्त कावळ्यांना ठाऊक असतं.

आमच्या भागात तार आलेल्या कंपन्या दोनच. दुसरीचं पत्रकही त्याच लिफ्टमध्ये होतं, तेही ४९९ चं. चष्मा लावून तळटीप वाचली. ४९९ वर १८ टक्के जीएसटी. वर्षाचे पैसे एकदम भरले तरच हा दर. म्हणजे ४९९ रुपये खिशातून निघताना ७,०६५ रुपये ८४ पैसे होऊन निघणार. 'अनलिमिटेड'ची लिमिट महिन्याला ३,३०० जीबी, पुढे वेग बैलगाडीचा. (१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे, आठाने भागायचं. साडेबारा. हे मी घरात प्रत्येकाला समजावून सांगितलंय आणि प्रत्येकजण त्या वेळी दुसऱ्या खोलीत जातो.)

अडचण एकच होती. या दुसऱ्या कंपनीकडे आम्ही पूर्वी होतो, माझ्या नावावर. तिथे मी जुना. सध्याच्या कंपनीत सौ. जुनी. चिरंजीव अठराचे व्हायचेत. घरात नवा ग्राहक म्हणून उभं करायला माणूस उरला नव्हता.

"आईच्या नावावर घेऊ," सौ. म्हणाली.

सासूबाई साताऱ्याच्या. त्या तेव्हा आमच्याकडे महिनाभर राहून नुकत्याच परत गेल्या होत्या, हा एक आमच्या नियोजनातला ढिसाळपणा. आधारचा फोटो त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पहिल्यांदा आला तो मागच्या बाजूचा, नंतर अंगठ्यासकट पुढच्या बाजूचा. विक्रीवाला मुलगा आमच्या सोफ्यावर टॅब घेऊन बसला आणि साताऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी गेला.

"आई, मेसेज आलाय का? सहा आकडे?"

"आलाय."

"सांगता का?"

"नाही."

"अहो आई, मी बोलतोय."

"आवाज ओळखला मी. पण बँकेतला माणूस आम्हाला सगळ्यांना बसवून सांगून गेलाय, मुलगा-जावई कोणीही मागू दे, ओटीपी सांगायचा नाही."

सौ.ने फोन घेतला. लेकीलाही नाही. 'मुलगीही धरा त्यात,' असं त्या बँकवाल्याने बहुतेक वेगळं सांगितलं होतं. तेवढ्यात त्या ओटीपीची मुदत संपली, दुसरा गेला, तोही त्यांनी प्राणपणाने जपला. विक्रीवाला मुलगा दुसरा चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "काका, यांचं बरोबर आहे." शेवटी सासऱ्यांना मध्ये घातलं, व्हिडिओ कॉल लावला, मुलाने गळ्यातलं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. मग सासूबाईंनी आकडे सांगितले, तेही एकेक करून, प्रत्येक आकड्यानंतर थांबून, आमच्या चेहऱ्यावर काही संशयास्पद दिसतं का ते बघत.

दुसऱ्या दिवशी तार ओढायला जो मुलगा आला त्याला पाहून आमच्या कुत्र्याने शेपूट हलवलं. मागच्या कंपनीची जोडणी करून गेलेला तोच हा मुलगा! फक्त टीशर्टचा रंग बदललेला.

"अरे, तू तर तिकडे होतास."

"सोडलं काका. तिकडे जुन्यांना पगारवाढ नाही. नवीन येईल त्याला दोन हजार जास्त देतात. मग मी इकडे नवीन आलो."

मी त्याला आणखी एक लाडू दिला.

त्याचं काम मात्र बघत राहावं असं. आधी "काका, शिडी आहे का?" झालं. (ड्रिल आणतात, वायर आणतात, शिडी कधीही आणत नाहीत. हा कंपन्या-कंपन्यांमधला करार असावा.) मग जिन्यात पेपर पसरून तो मांडी घालून बसला. काळ्या तारेचं वरचं कवच सोललं, आत केसापेक्षा जेमतेम जाड अशी काच निघाली. स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसली, चिमुकल्या कटरने टोक छाटलं आणि दोन्ही टोकं एका डबीवजा यंत्रात ठेवली. इवल्याशा पडद्यावर दोन खांब समोरासमोर सरकत आले, नाक जुळवून थांबले, मध्ये ठिणगी उडाली, आणि काच काचेला चिकटली. प्रकाश धावतो तो आतला गाभा अवघा नऊ मायक्रॉनचा. तो जुळवणाऱ्याच्या पायात तुटलेल्या अंगठ्याची चप्पल होती. मीटर लावून तो म्हणाला, "मायनस एकोणीस. एक नंबर लाईट आलाय काका."

पुढची धास्ती वेगळी असते. नवा राउटर म्हणजे टीव्ही, दोन लॅपटॉप, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, सगळ्यांना नवा पासवर्ड. यावर चिरंजीवांनी उपाय काढला: नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड. घरातलं प्रत्येक यंत्र काहीच न घडल्यासारखं आपोआप जोडलं गेलं. यादीत मोजलं तर शेजारचा टीव्ही आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोनही जोडलेला. त्यांना बिचाऱ्यांना आम्ही कंपनी बदलल्याचं आजतागायत माहीत नाही.

जुना राउटर परत न्यायला कोणी येत नाही. अनामत हवी तर मूळ खोक्यासकट, अ‍ॅडॅप्टरसकट कार्यालयात आणून द्या म्हणतात, आणि ते खोकं सौ.ने पणत्या ठेवायला घेतलंय. त्यामुळे तो विषय आम्ही काढत नाही.

बाकी सगळं छान चाललंय. फक्त त्या फुकट ओटीटीचं लॉगिन नोंदणीच्या मोबाइल नंबरवर निघालं आणि सासूबाईंनी ते भाच्याकडून साताऱ्याच्या टीव्हीवर सुरू करून घेतलं. एका वेळी एकाच पडद्यावर चालतं. परवा शेवटच्या षटकात बारा धावा हव्या असताना आमचा टीव्ही काळा झाला आणि 'आपले खाते दुसऱ्या उपकरणावर वापरात आहे' अशी पाटी आली. मी तातडीने साताऱ्याला फोन लावला.

"आई, पाच मिनिटं बंद करता का? मॅच आहे."

"अहो जावईबापू, आज मालिकेत लग्न आहे. तुमची मॅच नंतर हायलाइटमध्ये दिसेल की. आणि हे बघा, पुढच्या वर्षी यांच्या नावावर घ्यायचं म्हणत होतात ना, यांचंही आधार मी काढून ठेवलंय. फक्त दोन पडद्यांवर चालणारा प्लॅन घ्या. हे पडले बातम्या बघणारे."