माळरान ‘ओसाड’ नाही. कृपा करून तिथे खड्डे खणू नका

मे महिना सरत आला की एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरू लागतो. आशय साधारण असा : पुणे-सोलापूर पट्ट्यातली माळरानं पडीक आहेत, तिथली चिमुकली अभयारण्यं नावापुरती आहेत, झाडं लावा, म्हणजे पशुपक्षी येतील, पाऊस पडेल, हरणांची तहान भागेल. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे. उदाहरणादाखल बारामती तालुक्यातलं, सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य घेऊ.

‘तिथे काही नाही.’ चिंकारा आहे, खोकड आहे, तरस आणि लांडग्याचा वावर आहे. चंडोल आहेत, तित्तर आहेत, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी आहेत. गाडीच्या काचेतून पाहिलं तर यातलं काहीच दिसणार नाही, कारण इथे प्रत्येकाचा रंग मातीचा. पण म्हणून ती जमीन रिकामी ठरत नाही. ‘पडीक’ हा शिक्का महसुली नजरेचा आहे : सारा मिळत नाही ती जमीन पडीक. खोकडाला साऱ्याशी काय देणंघेणं?

‘झाडं लावली की पक्षी येतील.’ येतील, पण बुलबुल आणि कावळे. ते गावातही आहेत. जाईल तो धाविक. हा पक्षी घरटं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर, खडे आणि लेंड्यांच्या सोबतीला दोन-तीन अंडी घालतो. अंड्यांवर काळपट-तपकिरी ठिपके असे की हातभर अंतरावरूनही ती खड्यांतून वेगळी काढता येत नाहीत. धोका वाटला की पक्षी गाजावाजा न करता चालत दूर जातो, थोडा धावतो, थांबतो, मान उंच करून बघतो. चारी बाजूंचं दिसणं हाच त्याचा बचाव. चिंकाऱ्याचंही तेच : नजर आणि वेग. मध्ये ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या रांगा उभ्या केल्या की दोघांचीही हत्यारं बोथट होतात, आणि अंडी पळवणाऱ्या कावळ्याला बसायला फांद्या मिळतात.

धाविकाचा विणीचा काळ साधारण मार्च ते ऑगस्ट. म्हणजे आपली वृक्षारोपणाची मोहीम नेमकी त्याच्या अंड्यापिल्लांवर चालून जाते. याचा मला सर्वात जास्त त्रास होतो.

‘पाऊस पडेल.’ सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात. सुप्यात रोपं लावून ते बदलत नाही.

‘हरणं तहानेनं मरतात.’ चिंकारा पाला, फळं आणि दवातून बरीचशी गरज भागवतो, पाण्याशिवाय दीर्घकाळ राहू शकतो. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणतो आणि पिल्लं त्यातून पाणी पितात. कोरडेपणाशी जुळवून घेतलेली ही मंडळी आहेत. कडक उन्हाळ्यात वनखातं पाणवठे भरतं ते योग्यच, पण त्यासाठी जंगल लावायची गरज नाही.

‘एवढ्याशा जागेचा उपयोग काय?’ मयूरेश्वर जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर आहे, हे खरं. पण अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य त्याच्या निम्म्याहून लहान, २.१७ चौरस किलोमीटर. १९८० मध्ये त्याला संरक्षण मिळालं आणि तिथे काळवीट टिकले, वाढले. उलट सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक पक्ष्यासाठीचं अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, तरी माळढोक जवळजवळ गेलाच. क्षेत्रफळापेक्षा गवत राखलं का, हे महत्त्वाचं. शिवाय चिंकाऱ्याला कुंपण कळत नाही. तो आसपासच्या गायरानात आणि पडीत रानात चरतो. अभयारण्य लहान असेल, तर भोवतालची गायरानं प्लॉटिंगपासून वाचवा, असा त्याचा अर्थ होतो.

‘गवत काय कामाचं?’ मारवेल आणि पवन्याच्या मुळांची जाळी माती धरून ठेवते, कार्बन जमिनीखाली साठवते. मेंढपाळांची जित्राबं त्यावर जगतात. बोर, हिवर, तरवड मुळातच तिथे आहेत, विरळ. तेवढेच हवेत.

झाडं लावायचीच असतील तर गावात लावा : शाळेच्या आवारात, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला वड, पिंपळ, कडुलिंब. तीन वर्षं पाणी घाला. आणि तो संदेश पुन्हा आला, तर पाठवणाऱ्याला हे कळवा.