‘ब्रेक्झिट न्यायाधीशांनी आणि खासदारांनी अडवलं’: एका फॉरवर्डची झडती

ब्रेक्झिटचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. आशय असा: २३ जून २०१६ ला ब्रिटिश जनतेने युरोपीय संघ सोडायचा स्पष्ट कौल दिला, न्यायाधीशांनी आणि युरोपधार्जिण्या खासदारांनी तो अडवून धरला, शेवटी जनता जिंकली, देश एकसंध झाला, परदेशी लोंढा थांबला आणि सत्ताधारी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला लोकांनी डोक्यावर घेतलं. यातली तारीख बरोबर आहे.

‘स्पष्ट कौल’. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. बहुमत ते बहुमत, मान्य. पण मतपत्रिकेवर एवढंच विचारलं होतं की संघात राहायचं की बाहेर पडायचं. बाहेर पडून नॉर्वेसारखं सामायिक बाजारपेठेत राहायचं की सगळंच सोडायचं, हे विचारलंच नव्हतं. तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा जाहीर केला आणि हे घोंगडं नव्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या गळ्यात पडलं.

‘न्यायाधीश आडवे आले’. इथे जरा थांबू, कारण फॉरवर्डची सगळी भिस्त यावर आहे. सरकारचं म्हणणं होतं, बाहेर पडायची नोटीस आम्ही संसदेला न विचारता देऊ. उद्योजिका जिना मिलर यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ असा निकाल दिला: आधी संसदेत कायदा करा. ‘बाहेर पडू नका’ असं कुठेही म्हटलं नाही. आठवडाभरानंतर कॉमन्सने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, त्या विधेयकाचं दुसरं वाचन (तत्त्वतः मंजुरी) ४९८ विरुद्ध ११४ मतांनी पार पाडलं आणि २९ मार्चला नोटीस गेलीही. याला अडवणूक म्हणायचं?

पुढे २०१९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ऐन मोक्याला संसद पाच आठवड्यांसाठी बंद केली. संसदेचं सार्वभौमत्व परत आणायला निघालेले हेच ते. २४ सप्टेंबरला न्यायालयाच्या अध्यक्ष लेडी हेल पेहरावावर कोळ्याच्या आकाराचा भलामोठा ब्रोच लावून बसल्या आणि ११ न्यायाधीशांचा एकमुखी निकाल वाचला: आदेश बेकायदा, म्हणजे संसद बंद झालीच नव्हती. दुसऱ्या दिवशी खासदार बाकांवर हजर. (ब्रोचचीही बरीच चर्चा झाली, ते सोडा.)

‘युरोपधार्जिण्या खासदारांनी घात केला’. १५ जानेवारी २०१९ ला मे यांनी युरोपीय संघाशी केलेला बाहेर पडायचा करार कॉमन्समध्ये ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार होते, आणि त्यांत खुद्द जॉन्सन आणि रीस-मॉग यांच्यासारखे कट्टर ब्रेक्झिटवाले मोठ्या संख्येने होते. संघात राहू इच्छिणाऱ्यांनी विरोध केलाच, पण हा करार संमत झाला असता तर ब्रिटन त्याच वर्षी बाहेर पडला असता. तो बुडवण्यात बाहेर पडायची सर्वांत घाई असलेल्यांचाही हात होता.

‘देश एकसंध झाला’. स्कॉटलंडने ६२ टक्के, उत्तर आयर्लंडने जवळपास ५६ टक्के मतं राहण्याच्या बाजूने दिली होती. आयर्लंड बेटावर ब्रिटनचा उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातलं आयर्लंड यांच्या सीमेवर पुन्हा तपासणी नाकी नकोत, म्हणून तपासणी समुद्रावर सरकली: इंग्लंडमधून उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टला जाणाऱ्या सॉसेजलासुद्धा कागदपत्रांचा ससेमिरा लागला. यावर चिडून डीयूपीने, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्या तिथल्या पक्षाने, फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रांतिक सरकार पाडलं. गंमत म्हणजे ब्रेक्झिटचा प्रचार याच पक्षाने केला होता. दोन वर्षं प्रांताला पूर्ण सरकार नव्हतं. ते परत आलं तेव्हा प्रथम मंत्री झाल्या शिन फेनच्या मिशेल ओनील, म्हणजे आयर्लंडच्या एकीकरणाची मागणी करणाऱ्या पक्षाच्या.

‘लोंढा थांबला’. युरोपातून येणारे घटले, हे खरं. पण निव्वळ स्थलांतर (येणारे वजा जाणारे) सार्वमताच्या सुमारास वर्षाला साडेतीन लाखांच्या आत होतं, ते जून २०२३ पर्यंतच्या वर्षात नऊ लाखांच्या वर गेलं. युरोपबाहेरून आलेल्यांत पहिला क्रमांक भारतीयांचा. हा मजकूर आपल्याकडे कौतुकाने पुढे ढकलणाऱ्यांनी तेवढं तरी बघावं.

राहिला हुजूर पक्ष. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत त्याला ३६५ जागा मिळाल्या, फॉरवर्ड तिथेच संपतो. जुलै २०२४ मध्ये उरल्या १२१. ब्रेक्झिटचे जुने प्रचारक नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने १४ टक्के मतं नेली, जागा मात्र पाचच मिळाल्या. त्यातली एक फराज यांची स्वतःची, आठव्या प्रयत्नात.