‘देवमाशांची शिकार आता शास्त्रशुद्ध आणि वेदनारहित’: एका फिरत्या पोस्टची झाडाझडती

गेले काही दिवस एक लांबलचक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. त्याचा सारांश असा: देवमासे आता लाखोंनी आहेत, त्यामुळे थोडे मारले तर बिघडत नाही. ते माणसाचे मासे फस्त करतात. आधुनिक हार्पूनने, म्हणजे तोफेतून डागायच्या दोर बांधलेल्या भाल्याने, ते क्षणात मरतात. जपान, नॉर्वे, आइसलँड यांची ती परंपरा आहे, शिवाय ते संशोधनही आहे. आणि शेवटी ठेवणीतला टोला: कोंबडी-बोकड खाणाऱ्यांनी देवमाशांसाठी गळे काढू नयेत.

यातलं सगळंच खोटं नाही. पण खरं जिथे आहे तिथेच मेख आहे.

‘देवमासे लाखोंनी आहेत’

कोणते? ईशान्य अटलांटिकमधल्या मिंके व्हेल या लहान देवमाशाची संख्या लाखाच्या घरात आहे, हे मान्य. नॉर्वे वर्षाला पाचशेच्या आसपास मिंके मारतो, तेवढ्याने ती जात नामशेष होणार नाही. पण ‘देवमासा’ ही एक जात नव्हे. अंटार्क्टिकातले निळे देवमासे एकेकाळी दोन लाखांहून जास्त होते. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ते काही शेकड्यांवर आले. आजही ते जुन्या संख्येच्या जवळपाससुद्धा नाहीत.

इथे एक प्रकरण आपल्या दाराशी घडलेलं आहे. अरबी समुद्रातले हंपबॅक जातीचे देवमासे बाकीच्या हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. बारा महिने याच समुद्रात राहतात, इथेच चरतात, इथेच वितात. नोव्हेंबर 1966 मध्ये सोव्हिएत जहाजांच्या ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्याजवळ त्यांतले सुमारे 240 मारले. आंतरराष्ट्रीय नोंदीत त्याचा मागमूस नव्हता. ताफ्यांना टनावारी उद्दिष्टं दिलेली असत, बोनस त्यावर ठरे, आणि वरती पाठवायचे आकडे वेगळे बनवले जात. खऱ्या नोंदी रशियन शास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात बाहेर काढल्या, तेव्हा कळलं की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीसेक वर्षांत सोव्हिएत ताफ्यांनी मारलेले सुमारे 1,80,000 देवमासे कागदावर आलेच नव्हते. अरबी समुद्रातले हंपबॅक आज शंभराच्या आत असावेत असा अंदाज आहे. जवळपास साठ वर्षं लोटली तरी कळप सावरलेला नाही, कारण मादीला दोन-तीन वर्षांतून एकदा, एकच पिल्लू होतं. बांगड्याचा हिशेब इथे लागू पडत नाही.

म्हणून ‘किती आहेत’ याच्या आधी ‘मोजतंय कोण’ हे विचारायला हवं. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाकडे कोटा ठरवण्याचं एक गणित आहे. कळप मूळ संख्येच्या 54 टक्क्यांखाली असेल तर शिकार शून्य, असा त्याचा नियम आहे. नॉर्वे तेच गणित वापरतो, पण दीर्घकाळात मूळ संख्येचा किती भाग टिकावा याचा आकडा 0.72 ऐवजी 0.60 धरतो. म्हणजे कळप दीर्घकाळात थोडा लहान राहिला तरी चालेल असं मानून कोटा वाढवून घेतो. पद्धत शास्त्रीयच आहे, फक्त काटा शिकाऱ्याच्या बाजूला झुकवलेला.

‘ते माणसाचे मासे खातात’

हा दावा लवकर आटपतो. दक्षिण महासागरातल्या बड्या देवमाशांचं मुख्य खाद्य क्रिल, म्हणजे कोळंबीसारखा बोटभर जीव. शिकारीने हे देवमासे संपत आले तेव्हा क्रिलचा पूर यायला हवा होता. तो आला नाही. त्या समुद्रात लोहाची टंचाई आहे, आणि देवमाशांच्या विष्ठेत आजूबाजूच्या पाण्याच्या लाखो पटींनी लोह असतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर क्रिल वाढतं. पश्चिम आफ्रिका आणि कॅरिबियन देशांपुढेही हाच ‘मासे खातात’चा पाढा वाचला गेला. प्रत्यक्षात बडे देवमासे उष्ण पाण्यात वीण घालायला येतात आणि तिथे फारसं खातच नाहीत. तिथला मासा कमी झाला तो ट्रॉलरांनी.

‘आधुनिक हार्पूनने क्षणात मरतात’

पोस्टमधला सगळ्यात ठाम आणि सगळ्यात पोकळ मुद्दा हाच.

आधी यंत्र समजून घेऊ. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तोफ असते. हार्पूनच्या टोकाला पेन्थ्राइट या स्फोटकाचा ग्रेनेड: नॉर्वेच्या मिंकेसाठी सुमारे 30 ग्रॅम, आइसलँडच्या फिन व्हेल या बड्या देवमाशासाठी 100 ग्रॅम. मागे उघडणारे पंजे आणि दोर. हार्पून चरबीत शिरताना ग्रेनेडचे हुक कातडीत अडकतात, चापाची दोरी खेचली जाते आणि स्फोट आत खोलवर होतो. तो छातीत किंवा मेंदूजवळ झाला, तर दाबाच्या लाटेने मेंदूत रक्तस्राव होऊन जनावर लगेच बेशुद्ध पडतं. हे जमलं तर खरंच झटपट होतं.

जमतं किती वेळा? बोट हलते आहे, जनावर हलतं आहे, आणि पाठ पाण्याबाहेर असते ती एक-दोन सेकंद. नेम थोडा मागे गेला तर ग्रेनेड पोटात किंवा पाठीच्या मांसात फुटतो. कोन तिरका झाला तर हार्पून आरपार जाऊन पलीकडे फुटतो. मिंके असेल तर डोक्यात रायफलची गोळी घालता येते. वीस मीटरच्या फिनसाठी तोफ पुन्हा भरावी लागते, तोवर जनावर दोराला लटकून ओढत असतं.

आकडे शिकार करणाऱ्या देशांचेच आहेत. नॉर्वेत तपासलेल्या 271 मिंकेंपैकी 222 तत्काळ मेले, म्हणजे दर पाच-सहांत एक मेला नाही. आइसलँडच्या अन्न व पशुवैद्यकीय प्राधिकरणाने 2022 च्या हंगामावर दिलेला अहवाल तर बोलका आहे. 148 फिन व्हेलपैकी 36 वर एकाहून जास्त हार्पून मारावे लागले. बारकाईने निरीक्षण केलेल्या 58 पैकी 35 लगेच मेले. उरलेल्यांचा मरायला लागलेला मध्यक वेळ साडेअकरा मिनिटं, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त लागला. काहींना तासाहून जास्त लागला. पाठीत हार्पून रुतलेल्या एका देवमाशाचा पाच तास पाठलाग झाला आणि तो हाती लागलाच नाही. मारलेल्यांत गाभण माद्याही होत्या, कारण बोटीवरून नर-मादी ओळखता येत नाही.

यावर आइसलँडच्या मंत्र्यांनी 20 जून 2023 रोजी शिकार ऑगस्टअखेरपर्यंत थांबवली. सप्टेंबरात कडक नियम लावून परवानगी मिळाली. थोड्याच दिवसांत एका बोटीचा पहिला बार चुकीच्या जागी लागला, दुसरा मारायला सुमारे अर्धा तास गेला, आणि त्या बोटीची शिकार तात्पुरती थांबवावी लागली. नियम नवे होते, तोफ तीच होती आणि समुद्रही तोच.

‘ही परंपरा आहे’ आणि ‘हे संशोधन आहे’

परंपरेचा मुद्दा अलास्का, रशियातलं चुकोटका, ग्रीनलंड इथल्या आदिवासी समाजांना लागू पडतो. त्यांना आयोग वेगळा कोटा देतो आणि त्याला आमचा विरोध नाही. जपानच्या तायजीसारख्या गावांतली किनाऱ्यालगतची शिकार जुनी आहे हेही खरं. पण कारखाना-जहाज घेऊन अंटार्क्टिकात जाणं सुरू झालं ते 1930च्या दशकात. राहिलं संशोधन. 31 मार्च 2014 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 12 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की जपानची अंटार्क्टिक मोहीम ‘वैज्ञानिक संशोधनासाठी’ या व्याख्येत बसत नाही. सुमारे 3,600 मिंके मारून हाती आलेलं शास्त्र अगदी तोकडं होतं. बहुमतात भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारीही होते. पुढे 2019 मध्ये जपान आयोगातून बाहेर पडला आणि स्वतःच्या सागरी हद्दीत उघड व्यापारी शिकार करू लागला. निदान संशोधनाची पाटी तरी उतरली.

‘कोंबडी खाणाऱ्यांनी बोलू नये’

देवमासा हुशार आहे, गातो, म्हणून त्याला सोडा, असं आम्ही म्हणत नाही. त्या तर्काने डुकरालाही सोडावं लागेल. मुद्दा साधा आहे. कत्तलखान्यात जनावर जखडता येतं, भूल देणारं यंत्र कपाळाला टेकवता येतं, चुकलं तर दुसरं हाताशी ठेवता येतं. तिथे साडेअकरा मिनिटं तडफडणारी गाय आइसलँडच्या स्वतःच्या कायद्यात बसत नाही, मग व्हेल कसा बसेल? त्यांच्याच तज्ज्ञ समितीने जून 2023 मध्ये हेच उत्तर दिलं: बसत नाही. पोल्ट्रीतल्या पिंजऱ्यांचे हाल खरे आहेत आणि त्यांवर बोललंच पाहिजे. पण एका क्रौर्याची उधारी दुसऱ्याच्या खात्यात जमा करून दोन्ही खाती मिटत नाहीत.

पोस्टमध्ये एक वाक्य मात्र अगदी बरोबर आहे: ‘शिकारीपेक्षा जास्त देवमासे आणि डॉल्फिन जाळ्यात अडकून मरतात.’ जगभरात हा आकडा वर्षाला तीन लाखांच्या आसपास धरला जातो, आणि शिकार त्याच्यापुढे फारच थोडी. पण यातून शिकार चालू ठेवा असं निघत नाही, जाळ्यांकडे बघा असं निघतं. महाराष्ट्रात संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर मच्छिमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना आहे. कापण्याआधी आणि नंतर फोटो काढून ठेवावेत, प्राणी सुटताना दिसेल असा एक तरी असावा, आणि बंदरावर आल्याबरोबर मत्स्यव्यवसाय खात्याकडे किंवा वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करावा. शेपटीला गुंतलेला दोर ओढू नये, तो कापावा. ओढला की तो मांसात आणखी रुततो.