तातूंत बॅलन्स आसा मरे?

हा प्रश्न मला भर रांगेत विचारला गेला. चतुर्थीच्या आधीचा शुक्रवार, म्हापशाचा बाजार, वर पाऊस कोसळतोय आणि तळघरातल्या दुकानाची रांग जिन्यापर्यंत गेलेली. काउंटरवर माझं तूप, गूळ, चण्याची डाळ आणि नेवऱ्यांचा रवा. मशीनमध्ये माझं कार्ड. मशीनच्या पडद्यावर ‘कार्ड रीड एरर’. एवढी पार्श्वभूमी पुरे.

खात्यात पैसे होते. हे मी अजूनही, कुणी विचारलं नसताना, लोकांना सांगत असतो.

विचारणारे गृहस्थ माझ्या मागेच उभे होते. सत्तरीचे, पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात गळकी छत्री आणि दुसऱ्या हातात माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या छतासाठी, घेतलेला सुपारीचा घोस. मी ‘आसा’ म्हटलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि केवळ वादासाठी माझं म्हणणं मान्य केल्याच्या सुरात निदान केलं, ‘‘मागीर ओल लागल्या ताका.’’

आपण वीजखात्यात लाइनमन होतो, हे त्यांनी मला, काउंटरवरच्या मुलीला आणि जिन्यावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. तिथून पुढे कार्ड माझं राहिलं नाही.

आधी त्यांनी चिपवर फुंकर मारली. ओल घालवण्यासाठी तोंडाची वाफ हा उपचार मला पटला नाही, पण माझं मत कुणी विचारत नव्हतं. मग कार्ड शर्टावर घासलं. शर्ट भिजलेला होता. मग ते स्वतःच्या केसांवरून दोनदा फिरवलं. केसांना खोबरेल तेल होतं. दर वेळी ते मुलीला सुपारीच्या घोसाने खूण करायचे, मुलगी कार्ड आत सरकवायची, मशीन विचारात पडायचं, आणि काका ते मधेच उपसून बोट लावून बघायचे. ‘‘गरम जालां काय पळयतां,’’ म्हणायचे. मशीन ‘कार्ड काढा’ म्हणेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो, असं मी हळूच सुचवलं. ‘‘म्हजें आयक,’’ काका म्हणाले, ‘‘करंट तुका म्हाजेपरस चड कळटा?’’

आता करंटचंच म्हणाल तर प्रकरण साधं आहे. चिपवरच्या सोनेरी चौकोनाचे सहा किंवा आठ तुकडे असतात. मशीनच्या पोटातल्या बारीक स्प्रिंगा त्यांवर टेकल्या की चिपला वीज मिळते आणि बोलणं सुरू होतं. बोटांचं तेल बसलं असेल तर सुक्या, मऊ कापडाने पुसायचं, झालं. पण मळ काय फक्त कार्डावर बसतो? गोव्याच्या पावसात, त्या तळघरात, सकाळपासून रात्रीपर्यंत नारळाच्या, माशाच्या, गुळाच्या हातांची कार्डं ज्या फटीत जातात, ती फट कोण पुसतं? स्प्रिंगा झिजल्यात का, हे कोण बघतं? कुणी नाही. मशीन बंद पडलं तरी नापास कार्डवालाच. मुलीने ‘‘सर, दुसरं कार्ड आहे का?’’ विचारलं तेव्हा त्या ‘दुसरं’मध्ये माझ्या सांपत्तिक स्थितीबद्दल जी करुणा होती, ती मी विसरणार नाही.

‘‘टॅप करा ना,’’ मागून एक तरुण म्हणाला. टॅप बंद होतं. 2020 पासूनच्या नियमाने नव्या कार्डावर ही सोय बंद करूनच हाती देतात, सुरू आपण ॲपमध्ये जाऊन करायची. ॲपला रेंज लागते. तळघरात रेंज नव्हती. फोनने पैसे देणारी मंडळी जिना चढून, हात पावसात काढून, पुन्हा खाली येत होती.

काकांना मात्र तोवर जालीम उपाय सापडला होता. त्यांनी माझ्या रव्याच्या पुड्यावरची पातळ पिशवी सोडवली (रवा सांडला, त्याचंही बिल मीच दिलं), कार्ड तिच्यात गुंडाळलं आणि मशीनच्या कडेच्या खाचेतून मागची काळी चुंबकीय पट्टी सर्रकन ओढली. अन्यायाची गोष्ट अशी की हा उपाय वेडगळ नाही. पट्टीच्या जमान्यात तो खरंच चालायचा. पट्टी ओरखडलेली असली तर मधे पातळ प्लास्टिक आल्यावर मशीनला कधीकधी नीट वाचता यायचं. पट्टीचा जन्मच मुळी घरगुती. 1960च्या दशकात आयबीएमचे फॉरेस्ट पॅरी नावाचे इंजिनियर चुंबकीय टेप प्लास्टिकच्या कार्डावर चिकटवायला धडपडत होते, कुठलाच डिंक धरेना. बायको इस्त्री करत होती, ती म्हणाली इस्त्रीने चिकटव, आणि चिकटली, असं सांगतात. काकांना मी ही गोष्ट सांगितली नाही. शेजारच्या शेल्फवर इस्त्र्या विकायला होत्या.

पण पट्टीचे दिवस गेले. रिझर्व्ह बँकेने नुसत्या पट्टीची कार्डं 31 डिसेंबर 2018पर्यंत बदलायला लावली. आता पट्टी असते ती मागे, आणि तिच्यातच लिहिलेलं असतं की या कार्डाला चिप आहे. त्यामुळे पट्टी ओढली की मशीन म्हणतं, चिप घाला. चिप घातली की म्हणतं, वाचता येत नाही. काकांनी पिशवीची घडी बदलून बघितली. मशीन आपल्या मतावर ठाम.

मधे एकदा चिप वाचली गेली! पिन विचारला. अख्खी रांग गप्प झाली. काका सभ्यपणाने छताकडे बघू लागले, पण त्यांचे ओठ बटणांचे आवाज मोजत होते. ‘कनेक्टिंग’. ‘कनेक्टिंग’. मग ‘ट्रान्झॅक्शन फेल्ड’, आणि जिन्यावरून एक सामुदायिक सुस्कारा.

शेवटी सामान तिथेच ठेवून मी वर गेलो, रस्ता ओलांडला, एटीएममध्ये तेच कार्ड घातलं. तेच. तेलकट, ओलं, काकांच्या केसांवरून फिरलेलं. पहिल्या फटक्यात नोटा. हा माझ्या निर्दोषत्वाचा पुरावा होता आणि तो बघायला एटीएममध्ये झोपलेल्या कुत्र्याखेरीज कुणी नव्हतं. भिजत परत आलो, नोटा काउंटरवर ठेवल्या, जरा मोठ्यानेच म्हणालो, ‘‘कार्ड चालतंय. तिकडे लगेच चाललं.’’

काकांचा चेहरा उजळला. रांगेकडे वळून घोस उंचावत म्हणाले, ‘‘पळय! हांवें सांगिल्लें न्हय? सुकलें तें!’’ दोघातिघांनी माना डोलावल्या. एका बाईंनी त्यांना आपलं कार्ड दाखवायला काढलं.

घरी पोचल्यावर फोनला रेंज आली आणि मेसेजही. त्या ‘फेल्ड’ व्यवहाराचे पैसे खात्यातून गेले होते. म्हणजे गूळ एक, पैसे दोनदा. इथून पुढे विनोदी काही नाही. दुकान म्हणालं, मशीन नवीन आहे, तुमच्या कार्डाचं बघा. बँक म्हणाली, कार्ड ठीक असेल तर मशीनचं बघा, ते दुसऱ्या बँकेचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019च्या परिपत्रकात लिहिलंय की दुकानात व्यवहार फसून पैसे कापले गेले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये, तेही ग्राहकाने न मागता. मी मागितले. बँकेच्या काउंटरवरच्या बाईंनी मी माटोळीला हापूस मागितल्याच्या चेहऱ्याने बघितलं. पैसे आले, मुदत उलटून गेल्यावर. शंभराचं नाव नाही.

‘‘सर, एक करूया,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुम्हाला नवीन कार्डच देते. सेफ साइड.’’ मी नको म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलं होतं. बाहेर पायऱ्यांवर छत्री उघडतोय तोच मेसेज आला: कार्ड बदलण्याचं शुल्क, अधिक अठरा टक्के जीएसटी, खात्यातून वजा. ना चिप, ना पिन, ना पिशवी. हा व्यवहार मात्र एकदाही फेल झाला नाही.