मडगावची सभा आणि लिस्बनचा रस्ता

१८ जून हा क्रांतिदिन आणि १९ डिसेंबर हा गोव्याचा मुक्तिदिन जवळ आले की फोंड्याच्या आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. गोवा मुक्त केला कोणी? आमचे एक काका ठासून लिहितात : सत्याग्रहींनी पंधरा वर्षे लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हलला का? १९६१ मध्ये लष्कर आले आणि दोन दिवसांत निकाल लागला. मग कोणीतरी मेळावलीतल्या आयआयटीविरोधी किंवा रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्धच्या आंदोलनाचा विषय काढतो आणि वाद मूळ मुद्द्यावर येतो. रस्त्यावर बसून काही मिळत नाही, ही सगळी विकासाला खोडा घालणारी माणसे.

काकांचे हे म्हणणे मला पटत नाही. लिस्बनला राहायला आल्यापासून तर मुळीच नाही.

१८ जून १९४६ रोजी मडगावात काय घडले ते नीट आठवून पाहा. डॉ. राममनोहर लोहिया असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी प्रकृती सुधारायला आले होते. तिथे त्यांना भेटायला येणाऱ्या माणसांकडून त्यांनी ऐकले की इथे सभेला परवानगी लागते, पत्रक छापायला परवानगी लागते, लग्नाची पत्रिकासुद्धा आधी सरकारला दाखवावी लागते. त्या दिवशी त्यांनी कायदा मोडला तो एवढाच : परवानगी न घेता ते बोलायला उभे राहिले. लगेच अटक झाली. पण त्यानंतरच्या महिन्यांत गोव्यातली माणसे स्वतःहून पकडून घ्यायला पुढे येऊ लागली. १९५५ च्या एप्रिलमध्ये सुधाताई जोशी म्हापशात उघडपणे उभ्या राहिल्या आणि तुरुंगात गेल्या. भीतीवर चालणाऱ्या राजवटीत माणसाने अटकेची वाट उघडपणे पाहावी, ही काही लहान गोष्ट नव्हती.

याच लढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर यांना थेट पोर्तुगालला, पेनिशच्या किल्ल्यात पाठवण्यात आले. हा किल्ला अटलांटिकच्या कड्यावर आहे आणि आता तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. मी तिथली कैद्यांच्या भेटीची खोली पाहिली. मध्ये काच, अलीकडे घरची माणसे, पलीकडे कैदी, आणि प्रत्येक शब्द ऐकायला पहारेकरी. बहुतेक कैदी पोर्तुगीजच होते : कामगार, कम्युनिस्ट, प्राध्यापक. आमच्या माणसांना कोंडणारी राजवट स्वतःच्या माणसांनाही तशीच कोंडत होती. हे मला पुस्तकातून माहीत होते, पण त्या काचेपुढे उभे राहिल्यावर ते खरे कळले.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडते. सत्याग्रही मार खातो तो मारणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या समाजाने पाहावा म्हणून. १९३० मध्ये धारासण्याला मिठाच्या आगारापुढे डोकी फुटली, तेव्हा वेब मिलर हा अमेरिकन वार्ताहर तिथे हजर होता आणि जगाने ते वाचले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पात्रादेवीला पंजाबच्या कर्नेलसिंगने छातीवर गोळी झेलली. ही बातमी जगभर गेली. पण ज्यांच्या नावाने ती गोळी झाडली गेली, त्या पोर्तुगीज माणसांपर्यंत मात्र जे पोहोचले ते सेन्सॉरच्या निळ्या पेन्सिलीतून गाळून. त्यांचे डोळे बांधलेले होते. याला सत्याग्रहाची हार म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हुकूमशाही या मार्गाला इतकी घाबरते की आधी पाहणाऱ्यालाच आंधळे करते, असे मी म्हणेन.

आणि लष्कराबद्दल बोलायचे तर पुरेच बोलू. सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा याला हुकूम दिला होता की शरणागती नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढायचे. त्याने तो मोडला आणि हत्यारे खाली ठेवली. त्यामुळे हजारोंचे प्राण वाचले. मायदेशी त्याला सैन्यातून बडतर्फ करण्यात आले आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्याला मान परत मिळाला. हुकूम देणाऱ्याची सत्ता हुकूम पाळणाऱ्यावर उभी असते, हा तर सत्याग्रहाचा पाया. १९ डिसेंबरला तो पलीकडच्या छावणीतही खरा ठरला.

पोर्तुगालची स्वतःची सुटकाही लष्करानेच केली, असे काका म्हणतील. २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही उलथायला रणगाडे सैन्यातल्या कॅप्टनांनीच आणले, हे खरे. पण घरात थांबा असे रेडिओवरून सांगितले जात असतानाही माणसे रस्त्यावर आली, सैनिकांच्या बंदुकीत कार्नेशनची फुले खोवली गेली, आणि बंड क्रांती झाले. पुढे १९७६ च्या संविधानात त्यांनी कलम ४५ लिहिले : शांततेने, शस्त्राविना, सार्वजनिक जागीही, कोणत्याही परवानगीशिवाय एकत्र जमण्याचा नागरिकांना हक्क आहे. मिरवणुकीआधी फक्त सूचना द्यायची. लोहियांनी मडगावात जे मागितले ते त्या हरलेल्या देशाने आपल्या संविधानात लिहून घेतले.

इथे सगळे आलबेल आहे, असे मात्र नाही. १९ डिसेंबर २०२४ रोजी, माझ्या फोनवर मुक्तिदिनाच्या शुभेच्छा येत असताना, लिस्बनच्या बेंफोर्मोझो रस्त्यावर पोलिसांनी स्थलांतरितांना भिंतीकडे तोंड करून, हात वर करून रांगेत उभे केले. बहुतेक आपल्याच उपखंडातले, दुकानांत आणि खानावळींत राबणारे. तो फोटो पाहून माझी झोप उडाली. जानेवारीत त्याविरुद्ध हजारो माणसे शांतपणे चालली. मीही होतो. माझ्या शेजारी एक पोर्तुगीज आजी चालत होत्या, हातात लाल फूल. कोणी एक काच फोडली नाही. मोर्चाला कोणी परवानगी विचारली नाही.

आणि गोव्यात? जानेवारी २०२१ मध्ये सत्तरीतल्या शेळ-मेळावलीत आयआयटीसाठी जमीन मोजायला पथक आले तेव्हा गावच्या बाया रस्त्यावर आडव्या पडल्या. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या काजूच्या बागायती त्यांच्या नावावर नव्हत्या, हीच त्यांची भीती. दुसऱ्या दिवशी लाठ्या, अश्रुधूर. दगडही पडले, पोलीस जखमी झाले. थोड्याच दिवसांत सरकारने प्रकल्प तिथून हलवायचे जाहीर केले. माझे ठाम मत आहे की जिंकले ते रस्त्यावर पडलेल्या बायांनी. दगडांनी सरकारच्या हाती फक्त गुन्हे नोंदवायला कारण दिले. आंदोलन करणाऱ्या माझ्या मित्रांना हे ऐकायला आवडत नाही, तरी मी सांगतो : तोंड लपवून दगड मारणारा आणि नाव सांगून अटक होणारा यांना एका माळेत ओवू नका. चांदरला २०२० च्या नोव्हेंबरमध्ये दुपदरीकरणाविरुद्ध रेल्वे फाटकावर रात्रभर हजारो माणसे बसली, त्यांनी हे करून दाखवले आहे.

मडगावच्या लोहिया मैदानावर दर १८ जूनला सरकार पुष्पचक्र वाहते. यंदा तिथे मुख्यमंत्र्यांनी दोन गोष्टी जाहीर कराव्यात, अशी माझी मागणी आहे. शांतपणे बसलेल्या आंदोलकांवरचे गुन्हे मागे घ्यावेत, आणि निःशस्त्र सभेला गोव्यात परवानगीऐवजी पूर्वसूचना पुरे, असा नियम करावा. काकांनाही मी हेच लिहून पाठवले आहे आणि सहीचा कागद फोंड्यात फिरवायला सांगितले आहे.