‘गोळी सेट झाली की तपासण्या कशाला?’

‘डोक्याची गोळी एकदा सेट झाली की तपासण्या नकोत, तो लॅबवाल्यांचा धंदा आहे.’ हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि मामेभावाने धायरीच्या वृद्धाश्रमात फोन करून मामीच्या तपासण्या थांबवायलाही सांगितल्या! म्हणून लिहितेय.

त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य आधी घेते: ‘थरथरणं, तोंड हलणं, पाय ओढत चालणं हे वयाचंच असतं.’ साफ चूक. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉलसारख्या गोळ्या (भास-भ्रम आवरणाऱ्या, म्हणजे अँटिसायकोटिक) मेंदूत डोपामिन या रसायनाचं काम अडवतात. त्यातून चेहरा मख्ख होतो, हात ताठरतात, पावलं लहान पडतात. गोळी बरेच महिने चालली तर तोंडात काही नसताना जबडा चघळल्यासारखा हलतो, जीभ आतबाहेर होते. मामीचं तेच झालं होतं. तिथल्या मावशी म्हणायच्या, कवळी सैल झालीय. हे ओळखायला ‘एम्स’ (हॉस्पिटल नव्हे, अशा हालचाली तपासून गुण देण्याची पद्धत) नावाची तपासणी १९७६ पासून आहे आणि तिच्यात कवळीबद्दलही मुद्दाम विचारतात. सुई नाही, रक्त नाही. पेशंटला खुर्चीत बसवायचं, जीभ काढायला लावायची, चार पावलं चालवायचं. दहा मिनिटांचं काम. यात लॅबचा संबंधच कुठे येतो?

मेसेजमधलं पुढचं: ‘जिवाला धोका नसतो.’ अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००५ साली १७ चाचण्या तपासल्या. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या वृद्धांत नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. तेही साधारण दहा आठवड्यांत. कारणं मुख्यतः हृदयाची, नाहीतर न्यूमोनियासारख्या संसर्गाची. २००८ मध्ये जुन्या गोळ्यांनाही हाच इशारा लागला. काहींना या गोळ्या लागतातच, पण मग लक्षही तेवढंच ठेवावं लागतं.

लॅबच्या धंद्याचं म्हणाल, तर दर महिन्याला ‘फुल बॉडी पॅकेज’ गळ्यात मारणारे आहेत, एवढं मान्य. पण ओलान्झापिनवर (हीसुद्धा अँटिसायकोटिकच) साखर आणि वजन, डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांवर सोडियम, लिथियमवर (मूडचे चढउतार आवरणारी गोळी) तिची रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड, हे बघावंच लागतं. लिथियमवरच्या आजोबांना जुलाब झाले किंवा गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन दिलं, तरी पातळी चढते.

आणि ‘शंका आली तर गोळी लगेच बंद करा’? अजिबात नाही. आजार उलटतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

दादा, तपासण्या आजच परत सुरू करायला सांग. या गोळ्यांनी उभं राहताना बीपी उतरू शकतं, म्हणून रविवारी जाशील तेव्हा मामीचं बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा घ्यायला लाव. वरचा आकडा २० ने उतरला तर तिथूनच डॉक्टरांना फोन कर.